सेलमच्या डर्बी घराण्याची कुळकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या कापसाचा माग काढताना मी सेलमच्या डर्बींपर्यंत पोचलो. त्यांच्यावर लिहायला लागल्यापासून पत्रांतून, गप्पांतून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एलायस हॅस्केट डर्बी नक्की कोण होता?

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातला जहाजमालक व्यापारी. जन्म १७३९, मृत्यू सप्टेंबर १७९९. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांच्या वेस्ट इंडीज बेटांची दारं तिथल्या जहाजांना बंद झाली. तेव्हा ज्या मोजक्या व्यापाऱ्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून पूर्वेकडे पाठवली, त्यांत तो आघाडीवर होता. मॉरिशस, मुंबई, मद्रास, कोलकाता, चीनचं कँटन बंदर, मनिला ही सगळी नावं त्याच्या पेढीच्या कागदांत येतात. त्याचा एक डोळा निळा आणि एक तपकिरी होता, असं वर्णन जवळजवळ प्रत्येक चरित्रलेखक करतो.

२. हे सेलम कुठलं? तमिळनाडूतलं, की चेटकिणींच्या खटल्याचं?

खटल्याचं. तमिळनाडूतल्या सेलमशी त्याचा काही संबंध नाही. १६९२ मध्ये जिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं, तेच हे बॉस्टनच्या उत्तरेचं बंदर. डर्बींचा मूळपुरुष त्या वर्षी तिथेच राहत होता (प्रश्न ४), पण आज पर्यटक येतात ते बहुतेक खटल्यासाठी. धक्क्यावर उरतो तो वारा, समुद्रपक्षी आणि माझ्यासारखे दोन-चार जण.

३. 'डर्बी' म्हणायचं की 'डार्बी'? आणि घोड्यांच्या डर्बीचा यांच्याशी संबंध आहे का?

अमेरिकेत 'डर्बी', इंग्लंडात 'डार्बी'. जुन्या सेलमच्या दप्तरांत आडनाव कित्येकदा 'डार्बी' असंच लिहिलेलं सापडतं, कारण कारकून ऐकू येईल तसं लिहायचा. शोध घेताना दोन्ही रूपं पाहावी लागतात. घोड्यांच्या शर्यतीला नाव मिळालं ते इंग्लंडातल्या डार्बीच्या उमरावावरून. हे घराणं साबण करणाऱ्याचं. उमरावाशी त्याचा काही संबंध नाही.

४. घराणं मुळात कुठलं? पहिल्यापासून श्रीमंत होतं का?

नाही. मूळपुरुष रॉजर डर्बी, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या टॉप्शमचा. १६७१ मध्ये तो बायकोला घेऊन अमेरिकेत आला. धंदा साबण उकळण्याचा आणि पंथ क्वेकर, म्हणजे तिथलं अधिकृत चर्च न मानणारा ख्रिस्ती पंथ. त्यामुळे चर्चला गैरहजर राहिल्याबद्दल दंड भरणं नशिबी आलं. इप्सविच गावात जाच सोसल्यावर तो सेलमला आला.

त्याचा मुलगा रिचर्ड समुद्रावर गेला, पण १७१५ मध्ये तरुणपणीच वारला. मागे राहिलेला रिचर्ड नावाचाच मुलगा तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. याच पोरक्या पोराने पुढे घराणं उभं केलं. १७३६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो 'रेंजर' या लहानशा जहाजाचा कप्तान होऊन स्पेनला गेला. पुढे स्वतःची जहाजं घेतली, समुद्र सोडून काठावर बसला आणि मुलांना कामाला लावलं. सगळं श्रेय एलायसला द्यायची सवय लागली आहे. माझ्या मते पाया या कप्तान रिचर्डचा.

५. वंशावळ थोडक्यात सांगाल का? सारखी तीच नावं येतात.

येतात खरी. रॉजर (१६४३–१६९८). त्याचा मुलगा रिचर्ड (१६७९–१७१५). त्याचा मुलगा कप्तान रिचर्ड (१७१२–१७८३). त्याच्या मुलांत तिघे महत्त्वाचे: थोरला रिचर्ड (१७३६–१७८१), मधला एलायस हॅस्केट (१७३९–१७९९) आणि धाकटा जॉन (१७४१–१८१२). मुलींपैकी मेरी आणि सेरा यांची लग्नं जहाजवाल्यांच्याच घरी झाली.

एलायसची सात मुलं मोठी झाली: एलिझाबेथ, एलायस धाकटा, जॉन, ॲन्स्टिस, मार्था, इझीकिएल हर्सी आणि रिचर्ड क्राउनिनशील्ड. म्हणजे चार पिढ्यांत चार रिचर्ड झाले, आणि दोन जॉन, ते काका-पुतणे. नावासोबत जन्मसाल लिहून ठेवा, नाहीतर काकाची जहाजं पुतण्याच्या खात्यात जातात. दोन एलायसांचा घोळ याहून मोठा आहे. त्यासाठी प्रश्न १८.

६. 'हॅस्केट' हे त्याच्या वडिलांचं नाव ना? मग वडील 'रिचर्ड' कसे?

हा प्रश्न फक्त मराठी आणि गुजराती वाचकांकडून येतो, आणि तो रास्तच आहे. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. तिथे मधलं नाव बहुधा आईकडच्या, आजीकडच्या किंवा ऋणानुबंधातल्या घराण्याचं आडनाव असतं. कप्तान रिचर्डची आई मार्था, माहेरची हॅस्केट. विधवा झाल्यावर तिनेच मुलं वाढवली. त्या आजीचं माहेर नातवाच्या नावात उतरलं.

एकदा ही किल्ली हाती आली की बाकीची नावंही उघडतात. 'रिचर्ड क्राउनिनशील्ड डर्बी' याची आई क्राउनिनशील्ड घराण्यातली. 'इझीकिएल हर्सी डर्बी' हे मात्र गमतीचं प्रकरण आहे. हर्सी ना आजीचं माहेर, ना आईचं. कप्तान रिचर्डची पहिली बायको मेरी हॉजेस १७७० मध्ये वारली. पुढच्या वर्षी त्याने हिंगम गावच्या सेरा हर्सी या विधवेशी लग्न केलं. तिचा पहिला नवरा डॉक्टर इझीकिएल हर्सी. १७७२ मध्ये एलायसला मुलगा झाला आणि त्याचं नाव ठेवलं इझीकिएल हर्सी. म्हणजे सावत्र आजीच्या आधीच्या, वारलेल्या नवऱ्याचं नाव नातवाला! आपल्याकडे असं कोणी सुचवलं असतं तर बारशातच भांडण लागलं असतं. या सेराबाईंनी पुढे हिंगममध्ये शाळेसाठी जागा आणि पैसा दिला. ती डर्बी ॲकॅडमी आजही चालू आहे.

७. डर्बी आणि क्राउनिनशील्ड यांचं नातं काय? इंग्रजीत वाचून डोकं फिरतं.

इंग्रजीत फिरणारच, कारण तिथे सगळे 'कझिन' आणि सगळे 'अंकल'. मराठीत एका शब्दात सांगता येतं: साटंलोटं.

एलायसची बहीण मेरी हिचं लग्न १७५७ मध्ये जॉर्ज क्राउनिनशील्डशी झालं. चार वर्षांनी, १७६१ मध्ये, जॉर्जची बहीण एलिझाबेथ हिच्याशी एलायसचं. हुंडा वाचवायला घातलेली अट असा अर्थ इथे काढू नका. दोन शेजारी जहाजवाली घरं, दोन्हीकडे लग्नाची मुलं, एवढंच. पण परिणाम साटंलोट्याचाच. एलायसच्या मुलांना मेरी ही आत्या आणि मामीही. जॉर्ज हा मामा आणि आत्याचा नवराही. जॉर्जची मुलं त्यांची एकाच वेळी आतेभावंडं आणि मामेभावंडं. जेकब क्राउनिनशील्डला (प्रश्न १३) एलायस म्हणणार भाचा आणि एलिझाबेथही म्हणणार भाचाच: त्याच्या बहिणीचा मुलगा, तिच्या भावाचा.

क्राउनिनशील्ड हे आडनाव जर्मन. १६८० च्या दशकात बॉस्टनला आलेल्या एका डॉक्टरचं आडनाव क्रोननशेल्ट असं काहीसं होतं. ते इंग्रजी तोंडांत बसून बसून असं झालं. या दुहेरी सोयरिकीमुळे कोणतं जहाज 'डर्बींचं' आणि कोणतं 'क्राउनिनशील्डांचं' हे कधीकधी वरवर पाहून सांगता येत नाही. एकाच्या जहाजावर दुसऱ्याचा मुलगा कप्तान असायचा. पुढे वितुष्ट आलं, ते प्रश्न १७ मध्ये.

८. एवढी जहाजं होती, तर एलायस स्वतः कुठेकुठे जाऊन आला?

कुठेच नाही. तो पेढीवर बसून हिशेब आणि पत्रव्यवहार पाहायचा. थोरला भाऊ रिचर्ड राजकारणात आणि धाकटा जॉन समुद्रावर, म्हणून वडिलांचं दप्तर याच्या वाट्याला आलं. पण जहाजबांधणीची त्याला बारीक समज होती, आणि कप्तान-कारभारी निवडताना तो तरुणांवर भरवसा टाकायचा. नौकानयनाचं गणित पुढे ज्याने सोपं करून दाखवलं तो नॅथॅनिएल बाउडिच पहिल्या सफरींवर गेला तो डर्बींच्याच जहाजांवरून.

१७९९ मध्ये सेलममध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी निघाली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नपलीकडे जाऊन आलेल्या कप्तानांना आणि मालाच्या कारभाऱ्यांनाच तिचं सभासदत्व. त्या नियमाने पूर्वेच्या व्यापाराचा हा राजा दारातच अडला असता.

९. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात या कुटुंबाने काय केलं?

तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. त्यांतली मधली माझ्या विशेष आवडीची.

पहिली तोफांची. २६ फेब्रुवारी १७७५ ला कर्नल लेस्ली इंग्रज शिपाई घेऊन सेलममध्ये लपवलेल्या तोफा जप्त करायला आला. गावकऱ्यांनी उचलपूल वर घेऊन त्याला अडवलं आणि शेवटी तो हात हलवत परतला. त्या तोफांतल्या काही कप्तान रिचर्डच्या होत्या असं परंपरा सांगते.

दुसरी बातमीची. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्डला गोळ्या झाडल्या गेल्या. लंडनला आधी कोणाची हकीकत पोचते याला मोल होतं. इंग्रज सेनापती गेजने 'सुकी' या जहाजावरून आपला अहवाल धाडला. त्यानंतर चार दिवसांनी बंडखोरांच्या प्रांतिक काँग्रेसने जॉन डर्बीला रवाना केलं. काँग्रेसमध्ये बसलेला थोरला भाऊ रिचर्ड या बेताच्या मुळाशी होता. जॉनने घेतलं डर्बींचंच 'क्वेरो', अवघं ६२ टनांचं दोन डोलकाठ्यांचं गलबत. माल काहीच नाही, फक्त तळाला वजन. २८ मे ला तो लंडनमध्ये हजर. गेजचा अहवाल पोचायला त्यापुढे जवळजवळ दोन आठवडे लागले. मधल्या काळात सरकारला, आमच्याकडे अधिकृत बातमी नाही, लोकांनी घाईने मत बनवू नये, असं छापावं लागलं.

परतल्यावर जॉनने खर्चाचं बिल दिलं. खलाशांचे पगार, शिधा, सगळं लावलेलं. शेवटी एक ओळ: या प्रवासात गेलेला माझा वेळ, शून्य पौंड, शून्य शिलिंग, शून्य पेन्स. व्यापाऱ्याचं देशप्रेमसुद्धा खातेवहीत नोंदलं जातं! आणि १७८३ मध्ये तहाची बातमी फ्रान्सहून सेलमला आणणाराही हाच जॉन, 'ॲस्ट्रिया' जहाजावरून.

तिसरी कमाईची. युद्धात एलायसने प्रायव्हेटियर जहाजांत पैसा घातला. प्रायव्हेटियर म्हणजे सरकारी परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं पकडणारं खासगी जहाज. युद्धकाळात एकट्या सेलमातून अशी दीडशेवर निघाली. पकडलेला माल लिलावात जायचा आणि पैसा मालक, कप्तान, खलाशी यांच्यात वाटला जायचा. इंग्रजांच्या लेखी हे चाचेच. आंग्र्यांनाही ते तेच म्हणत.

१०. तो अमेरिकेचा पहिला दशलक्षाधीश होता, हे खरं का?

असं छापलेलं पुष्कळ ठिकाणी दिसेल. तो न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, ज्यात सेलम येतं) सर्वांत धनाढ्य माणसांपैकी होता यात वाद नाही. 'पहिला' मात्र मी लिहीत नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम बिंगहॅमसारखे समकालीन तेवढेच गब्बर होते, आणि जहाजवाल्याची संपत्ती समुद्रावर तरंगत असते, तिची एका दिवशीची बेरीज करायची कशी? 'किंग डर्बी' हे नाव मात्र पक्कं रुळलं. नॅथॅनिएल हॉथॉर्नने १८५० च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ते वापरलं. तो स्वतः डर्बी धक्क्यासमोरच्या कस्टम हाउसात नोकरीला होता.

११. चीनला जाणारं पहिलं अमेरिकी जहाज डर्बीचं 'ग्रँड टर्क' ना?

नाही. पहिलं 'एम्प्रेस ऑफ चायना', १७८४ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं. 'ग्रँड टर्क' हे न्यू इंग्लंडमधलं पहिलं. ते बांधलं १७८१ मध्ये, प्रायव्हेटियर म्हणून. १७८५ च्या डिसेंबरात ते मॉरिशसकडे निघालं, तिथून कँटनला गेलं आणि मे १७८७ मध्ये चहा आणि चिनी भांडी घेऊन परतलं. जगप्रदक्षिणा करणारं पहिलं अमेरिकी जहाज 'कोलंबिया'. ते बॉस्टनचं, पण त्याच्या सहा भागीदारांत जॉन डर्बी होता. त्यामुळे तेही श्रेय कधीकधी चुकून एलायसला मिळतं.

१२. डर्बींचा मुंबईशी खरंच संबंध होता, की ओढून ताणून?

खरंच होता, आणि कापसाचा होता.

१७८७ च्या अखेरीला एलायसने थोरल्या मुलाला, धाकट्या एलायसला, मॉरिशसला पाठवलं. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांचं. तिथे बसून तो वडिलांच्या जहाजांचा माल विकायचा, जमलं तर नवी जहाजं विकत घ्यायचा आणि हिंदुस्थानच्या बंदरांकडे वळायचा. १७८८ मध्ये त्यांच्या 'अटलांटिक' जहाजावर सुरत आणि मुंबई बंदरांत पहिल्यांदा अमेरिकी झेंडा फडकला, असं सेलमचे स्थानिक इतिहासकार लिहितात. हिंदुस्थानला आलेलं पहिलं अमेरिकी जहाज मात्र ते नव्हे. तो मान फिलाडेल्फियाच्या 'युनायटेड स्टेट्स'चा. ते १७८४ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीला लागलं होतं.

मुंबईत घ्यायचं काय? कापूस. गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर यायचा आणि चीनला त्याची मागणी होती. डर्बींनी तो कँटनला नेला. शिवाय जून १७८९ मध्ये 'पेगी' हे जहाज मुंबईच्या कापसाची पहिली खेप सेलमला घेऊन आलं. अमेरिकेत मुंबईचा कापूस, हे आज उलटं वाटेल. पण सरकी काढायचं व्हिटनीचं यंत्र यायला, म्हणजे १७९३ उजाडायला, अजून अवकाश होता. अमेरिकेच्या दक्षिणेत तोवर कापसाचं फार पीक नव्हतं. पुढे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी तिथल्या यादवी युद्धाने कापूस अडला आणि मुंबईत सोन्याचा धूर निघाला, ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिचं उलटं टोक हे.

१७८९ च्या हंगामात डर्बींची चार जहाजं एकाच वेळी कँटनला होती. त्यांतली दोन तिथेच विकून टाकली आणि उरलेल्या दोघांत चहा ठासून भरला. घरी पोचेपर्यंत अमेरिकेच्या बाजारात चहाच चहा झाला होता. भाव पडलेले, वर नव्या सरकारची जकात. एलायसने जकात भरायला मुदत मिळावी म्हणून काँग्रेसकडे अर्ज केला. राजालाही अर्ज करावे लागतात.

इंग्रजांनी हे चालू कसं दिलं? १७८८ पासून कंपनी सरकारने अमेरिकी जहाजांशी सलोख्याने वागायचं धोरण ठेवलं होतं. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात १७९४ मध्ये झालेल्या 'जे' नावाच्या तहाने हिंदुस्थानातल्या इंग्रजी बंदरांत व्यापाराची रीतसर मुभा मिळाली. अट अशी की, माल थेट अमेरिकेलाच न्यायचा.

१३. अमेरिकेत पहिला हत्ती डर्बींनी नेला ना?

डर्बींच्या भाच्याने. आत्या-मामीचा मुलगा जेकब क्राउनिनशील्ड (नातं प्रश्न ७ मध्ये) 'अमेरिका' जहाजाचा कप्तान होता. डिसेंबर १७९५ मध्ये कोलकात्याहून निघताना त्याने दोन वर्षांची हत्तीण ४५० डॉलरला घेतली. वाटेत सेंट हेलेना बेटावर चारा-पाणी भरून घेतलं. त्या दिवशीची दैनंदिनी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने सगळ्या कोरड्या नोंदींखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'जहाजावर हत्ती आहे'. हा अधिकारी नॅथॅनिएल हेथॉर्न, म्हणजे प्रश्न १० मधल्या कादंबरीकाराचा बाप. मुलाने आडनावाचं स्पेलिंग बदललं.

१३ एप्रिल १७९६ ला हत्तीण न्यूयॉर्कला उतरली आणि १०,००० डॉलरला विकली गेली. गावोगाव तिकीट लावून तिचे खेळ झाले. ती सोंडेने बाटलीचं बूच काढून बिअर पिते, हे जाहिरातीतलं मुख्य आकर्षण. पुढच्या वर्षी ती सेलमलाही आली. लहान जनावर आईपासून तोडून चार महिने समुद्रावर, हे मला वाचवत नाही. जेकब पुढे अमेरिकी काँग्रेसचा सभासद झाला.

१४. डर्बी गुलामांच्या व्यापारात होते का?

आफ्रिकेतून माणसं धरून आणायच्या धंद्यावर घराणं उभं राहिलं नाही. पण एवढ्यावर थांबलं तर उत्तर अर्धवट राहतं. एलायसच्या वडिलांच्या पिढीची कमाई वेस्ट इंडीजच्या फेऱ्यांतली. सेलमहून जायचा खारवलेला कॉड मासा. त्यातला चांगला स्पेनला आणि हलका, तुटका बेटांवर. तो होता उसाच्या मळ्यांतल्या गुलामांच्या ताटासाठी. परत यायची साखर आणि काकवी, त्याच गुलामांनी पिकवलेल्या उसाची. काकवीची न्यू इंग्लंडमध्ये रम व्हायची. पूर्वेच्या व्यापाराला लागलेलं भांडवल या फेऱ्यांतून साठलं. 'रेशीम आणि चहाचा स्वच्छ व्यापार' असं वर्णन वाचाल तेव्हा तो खारा मासा आठवावा.

१५. सेलमला गेलो तर डर्बींचं काय पाहायला मिळेल? त्यांचा मोठा वाडा कुठे आहे?

वाडा नाही. सॅम्युअल मॅकइंटायर या सेलमच्याच कारागिराने १७९५ नंतर तो बांधला. पण १७९९ च्या वसंतात एलिझाबेथ गेली आणि सप्टेंबरात एलायस. काही महिनेच दोघांनी तिथे काढले. एवढा मोठा संसार पेलायला पुढे कोणी तयार नव्हतं. १८१५ मध्ये वाडा पाडला. त्या जागी आज डर्बी स्क्वेअर आणि १८१६ चा जुना टाउन हॉल आहे.

पाहायचं ते १७६२ चं विटांचं घर. कप्तान रिचर्डने मुलाच्या लग्नानंतर ते बांधून दिलं, अगदी धक्क्यासमोर, खिडकीतून जहाजं मोजता येतील असं. डर्बी धक्का त्याच सुमाराचा. १८०६ मध्ये तो वाढवला आणि आज जवळजवळ अर्धा मैल समुद्रात जातो. टोकाचा छोटा दीपस्तंभ १८७१ चा, डर्बींनंतरचा. हा सगळा परिसर १९३८ मध्ये अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. डर्बींच्या शेतावरचं बागघर मात्र सेलममध्ये शोधू नका. १९०१ मध्ये ते उचलून शेजारच्या डॅनव्हर्सला नेलं.

१६. एवढी संपत्ती गेली कुठे?

सात वारसांत. ॲन्स्टिसचं लग्न बेंजामिन पिकमनशी, जुन्या प्रतिष्ठित घरात. धाकट्या एलायसने 'माउंट व्हर्नन' जहाजावरून सुमारे ४३,००० डॉलरची साखर भूमध्य समुद्रात नेली आणि लाखाच्या वर नफा केला. पण १८०० मध्ये तो परतला तेव्हा वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढे त्याने पोर्तुगालहून हजारावर मेरिनो मेंढ्या आणल्या आणि लोकरीचं कापड विणायला लागला. समुद्राचा पैसा जमिनीवर यायला लागला होता. मग अमेरिकी जहाजांना परदेशी जायला मनाई करणारा डिसेंबर १८०७ चा जहाजबंदीचा कायदा आला आणि सेलमचा धक्का वर्षभर थंड पडला.

थोरली मुलगी एलिझाबेथ हिची गोष्ट वेगळीच. तिने कप्तान नॅथॅनिएल वेस्टशी लग्न केलं, आणि १८०६ मध्ये भर कोर्टात त्याच्या बाहेरख्यालीपणाचे साक्षीदार उभे करून घटस्फोट मिळवला. त्या काळात, त्या घराण्यात! गाव दोन महिने दुसरं काही बोलत नसेल. तिचा ओक हिलचा बंगला वेस्टला कधीच मिळू नये अशी व्यवस्था तिने करून ठेवली. पण १८१४ मध्ये ती गेली, पाठोपाठ एक मुलगी अविवाहित वारली, आणि मुलीचा वारस म्हणून बापाचा हक्क लागला. वेस्टने आपला हिस्सा कसा घ्यावा? बंगल्यातल्या चार खोल्या सुट्या करून बैलांनी सेलमला ओढून नेल्या आणि त्यांभोवती घर बांधलं. चेस्टनट स्ट्रीटवर ते आज संग्रहालय आहे. मूळ बंगल्यातल्या तीन खोल्या बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहेत. वाटणीच्या भिंती आपण घालतो. खोल्याच ओढून नेल्याचं मी आणखी कुठे ऐकलं नाही.

१७. साटंलोटं होतं, तर मग दोन घराण्यांत भांडण का झालं?

धक्का, बाजार आणि राजकारण. आते-मामे भाऊ एकाच बंदरातून एकाच बाजारासाठी जहाजं सोडू लागले. डर्बी फेडरलिस्ट पक्षाचे, क्राउनिनशील्ड त्यांच्या विरोधातल्या जेफरसनच्या (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) बाजूचे. एलायस होता तोवर झाकलं गेलं. नंतर उघड झालं. जेफरसनने जेकबला नौदलमंत्री नेमलं होतं, पण त्याने पद सांभाळलं नाही. त्याचा भाऊ बेंजामिन १८१५ मध्ये खरोखर नौदलमंत्री झाला. या काळाची रसाळ माहिती पाद्री विल्यम बेंटली यांच्या दैनंदिनीत मिळते. वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की ते क्राउनिनशील्डांच्या घरी भाड्याने राहत. घरमालकाविरुद्ध कोण लिहितो?

१८. एका ठिकाणी 'एलायस हॅस्केट डर्बी' १७९९ ला वारला, दुसरीकडे तोच १८११ मध्ये मेंढ्या आणतो, तिसरीकडे रेल्वेचा वकील आहे. हा काय प्रकार?

तीन माणसं. आजोबा (१७३९–१७९९), बाप (१७६६–१८२६) आणि नातू (१८०३–१८८०). रेल्वेवाला तो नातू. आपल्याकडे हयात बापाचं नाव मुलाला ठेवत नाहीत, आजोबांचं ठेवतात. त्यामुळे नाव एक पिढी सोडून येतं आणि घोळ टळतो. तिथे सलग येतं.

त्यात 'ज्युनियर' हा शब्द फसवा. त्या काळी तो नावाचा कायमचा भाग नव्हता. गावात त्याच नावाचा वडीलधारा कोणी हयात असेपर्यंतच लावायचा, मग तो बापच असावा असंही नाही. १७९९ नंतरच्या कागदांत 'ज्युनियर' गळाला तरी माणूस धाकटाच असतो. माझा नियम सोपा: १८०० नंतरचं जहाज असेल तर आजोबा नाहीत, आणि मॉरिशस-मुंबईत प्रत्यक्ष सही केलेली असेल तरी आजोबा नाहीत (प्रश्न ८).

एलायस आजोबांपासून चौथ्या पिढीत जॉर्ज होरेशियो डर्बी नावाचा लष्करी इंजिनियर निघाला. तो 'जॉन फिनिक्स' या टोपणनावाने विनोदी लिहायचा.

१९. एकाच माणसाचा जन्म कुठे १७११, कुठे १७१२ असा का दिलेला असतो?

१७५२ पर्यंत इंग्रजी मुलखात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या वर्षात मोजले जात. जुन्या दप्तरात '१७११/१२' अशी जोडसालं दिसतात ती म्हणून. आपण शकावरून इसवी सन काढताना चैत्राआधीच्या महिन्यांत अडखळतो, तसंच हे. १७५२ मध्ये पंचांग बदलताना ११ दिवसही गाळले. तारखेतला फरक ११ दिवसांचा असेल तर चूक कोणाचीच नाही.

२०. आमचे पूर्वज मुंबईत दलाल होते. त्यांचा डर्बींशी व्यवहार झाला का, हे कसं शोधावं?

डर्बींच्या पेढीची पत्रं, हिशेब आणि जहाजांच्या दैनंदिन्या पीबडी एसेक्स म्युझियमच्या फिलिप्स ग्रंथालयात आहेत. ते आता सेलममध्ये नाही, जवळच्या रावली गावात आहे. मुंबईच्या बाजूने महाराष्ट्र राज्याचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. कंपनी सरकारचे व्यापारविषयक रुमाल तिथे चाळता येतात.

शोधताना आडनावावर जाऊ नका. अमेरिकी कप्तान पारशी, भाटिया, कोकणी, कोणाचंही नाव कानाला आलं तसं लिहीत. 'नसरवानजी माणेकजी' हे एक नाव तुम्हाला नक्की भेटेल. नसरवानजी माणेकजी वाडिया हे मुंबईतले पारशी व्यापारी अमेरिकी कप्तानांचं काम पाहत. त्यांचं चित्र सेलमच्या कप्तानांनी आपल्या सोसायटीच्या (प्रश्न ८) संग्रहात ठेवलं. ते आज त्याच म्युझियममध्ये आहे: पांढरा अंगरखा, पागोटं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला जोखणारी नजर.